व्हाइटफील्डची न उगवलेली तारीख

डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव-६४’ या प्रोसेसरची घोषणा झाली. सी-डॅकने विकसित केलेला, ६४ बिटांचा, दोन गाभ्यांचा, एक गिगाहर्ट्झ वेगाने चालणारा हा स्वदेशी प्रोसेसर. अशा प्रत्येक वृत्तापाठोपाठ एक प्रश्न येतोच. हा बाजारात कधी येणार? आपल्या टेबलावरच्या संगणकात कधी बसणार?

प्रश्न रास्त आहे. परंतु प्रोसेसरची तारीख ही वस्तू मुळात कशी असते, ती कोण ठरवते, ती का हुकते आणि हुकली म्हणजे नेमके काय बिघडते, हे ठाऊक असल्याखेरीज त्याचे उत्तर पारखता येत नाही. त्यासाठी आपल्याच देशातले एक प्रकरण पाहण्याजोगे आहे. बंगळुरूच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. त्या नावाने एका प्रोसेसरचे बारसे झाले, त्याच्या आगमनाचे वर्ष ठरले, त्यावर जगभर तर्क लढवले गेले. आणि तो प्रोसेसर कधी आलाच नाही. वीस वर्षांपूर्वीची ही हकिकत आज पुन्हा वाचण्यासारखी आहे.

▪ गावाचे नाव, चिपचे नाव

व्हाइटफील्डचा जन्म १८८२ सालचा. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला वसाहतीसाठी जमीन दिली. संघटनेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांच्या आडनावावरून वसाहतीला हे नाव पडले. शेती करून स्वावलंबी व्हावे हा वसाहतीचा हेतू होता. शंभर वर्षांनंतर त्याच परिसरात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या.

बंगळुरूत चिप-आराखड्याचे काम रुजले ते १९८५ पासून. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे आपले आराखडा केंद्र सुरू केले. अमेरिकेशी आकडेवारीची देवाणघेवाण करण्यासाठी स्वतंत्र उपग्रह-दुवा लागणार होता. त्याची तबकडी बैलगाडीवरून नेल्याची आठवण या क्षेत्रात अजूनही सांगितली जाते. १९९९ मध्ये इंटेलचे विकास केंद्र बंगळुरूत सुरू झाले. आरंभी अशा केंद्रांकडे मोठ्या चिपचा एखादा भाग, एखादी तपासणी, एखादे आज्ञावलीचे काम येई. संपूर्ण प्रोसेसरची जबाबदारी मिळणे ही पुढची पायरी होती.

इंटेलमध्ये जन्माला यायच्या प्रोसेसरला भौगोलिक नाव देण्याची प्रथा आहे. नद्या, डोंगर, गावे यांची नावे कोणा एकाच्या मालकीची नसतात, त्यामुळे व्यापारचिन्हाचा वाद उद्भवत नाही. पहिल्या पेंटियम-४ चे अंतर्गत नाव ‘विलामेट’ होते. ती ओरेगॉन राज्यातील नदी. पेंटियम-३ च्या एका पिढीचे नाव ‘कॉपरमाइन’. ती कॅनडातील नदी. आपल्याकडे मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी नाव ठेवतात. येथे आधी नाव ठेवले जाते, जन्म पुढे दोन-चार वर्षांनी. आणि काही वेळा होतच नाही. या परंपरेत जेव्हा ‘व्हाइटफील्ड’ हे नाव आले, तेव्हा त्याचा अर्थ स्पष्ट होता. हा प्रोसेसर बंगळुरूत घडत होता.

▪ एका आडावर सारी आळी

व्हाइटफील्ड हा झिऑन घराण्यातला, म्हणजे सर्व्हरसाठीचा प्रोसेसर होता. तरीही डेस्कटॉप संगणकाच्या इतिहासाशी त्याचे नाते जवळचे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी त्या काळची एक अडचण पाहू.

तेव्हाच्या इंटेल-रचनेत प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामध्ये ‘फ्रंट साइड बस’ नावाचा सामाईक मार्ग असे. एका आडावर सारी आळी पाणी भरते, तशी ही व्यवस्था. घरे दोन असतील तोवर ठीक. घरे वाढली की रहाटापाशी रांग लागते आणि माणसे कितीही चपळ असली तरी घागर भरायला वेळ लागतोच. एकाच चिपवर दोन, चार गाभे बसवण्याचे युग येऊ घातले होते. गाभा, म्हणजे कोअर, हा प्रोसेसरमधला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. गाभे वाढवायचे आणि आड एकच ठेवायचा, हे फार काळ चालणार नव्हते.

प्रतिस्पर्धी एएमडीने यावर उपाय बाजारात आणलाही होता. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या ऑप्टेरॉन प्रोसेसरला स्वतःची स्मृती थेट जोडलेली होती, आणि शेजारच्या प्रोसेसरशी बोलायला स्वतंत्र वाटा होत्या. प्रत्येक घराला स्वतःचा आड आणि घराघरांमध्ये दारे, अशी ती रचना.

इंटेलचे उत्तर होते ‘कॉमन सिस्टिम इंटरफेस’, संक्षेपाने सीएसआय, हा नवा जोडमार्ग. झिऑन आणि इटेनियम या दोन्ही घराण्यांना तो सामाईक असावा, अशी योजना होती. इटेनियमच्या बाजूने ‘टुकविला’ आणि झिऑनच्या बाजूने ‘व्हाइटफील्ड’ हे त्याचे मानकरी ठरायचे होते. व्हाइटफील्डमध्ये चार गाभे असणार होते आणि त्याचे वर्ष सांगितले जात होते २००७. बंगळुरूच्या अभियंत्यांच्या दृष्टीने हे काम साधे नव्हते. नवी रचना, नवा जोडमार्ग आणि संपूर्ण चिपचे उत्तरदायित्व, तिन्ही एकदमच हाती आले होते.

ऑक्टोबर २००५ मध्ये इंटेलने आपला आराखडा बदलला. व्हाइटफील्ड रद्द झाला. त्याच्या जागी ‘टायगर्टन’ नावाचा दुसरा प्रोसेसर २००७ मध्ये येईल, असे जाहीर झाले. त्याच वेळी इटेनियम घराण्यातील ‘मॉन्टेसिटो’ २००५ च्या अखेरीऐवजी २००६ च्या मध्यावर गेला. झिऑनमधला सीएसआय पुढे ढकलला गेला.

टायगर्टन सप्टेंबर २००७ मध्ये ‘झिऑन ७३००’ या नावाने आला. त्यात सीएसआय नव्हता; जुन्याच पद्धतीचा मार्ग, मात्र प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र, अशी तडजोड होती. म्हणजे २००७ हे वर्ष पाळले गेले, परंतु दुसऱ्याच चिपने. ‘सांगितलेल्या वर्षी नवा झिऑन आला का?’ असे विचारले तर उत्तर होकारार्थी आहे. ‘जो सांगितला होता तो आला का?’ असे विचारले तर नकारार्थी. तारखेवरून प्रगती मोजणाऱ्याने या दोन प्रश्नांतला फरक कधी विसरू नये.

▪ तारीख का हुकते

इमारतीचे बांधकाम लांबले तर निदान किती मजले झाले ते रस्त्यावरून दिसते. चिपच्या बाबतीत तशी सोय नाही. काम बव्हंशी अदृश्य असते, आणि दोष कोठे दडला आहे हे तर शेवटपर्यंत अदृश्य असते.

आराखडा पूर्ण झाला की तो कारखान्याकडे रवाना होतो. या टप्प्याला ‘टेप-आउट’ म्हणतात. एकेकाळी आराखडा चुंबकीय फितीवर पाठवत, त्याची ही खूण. त्यावरून मास्क, म्हणजे छपाईचे साचे तयार होतात. सिलिकॉनच्या चकतीवर थरावर थर चढवण्याची शेकडो पावले पार पडतात. आधुनिक पद्धतीत यालाच साधारण तीन महिने किंवा अधिक काळ लागतो. मग पहिली चिप प्रयोगशाळेत येते.

येथून खरी अनिश्चितता सुरू होते. आराखड्याची तपासणी संगणकावर आधी केलेली असतेच, परंतु संगणकावरील नक्कल अतिशय संथ चालते. खरी चिप एका सेकंदात जितके काम करते, तितके नकलेत करून पाहायला महिने आणि वर्षे लागतील. त्यामुळे काही दोष खऱ्या सिलिकॉनवरच उघड होतात. दोष सापडला की आराखड्यात दुरुस्ती, नवे मास्क, पुन्हा कारखाना, पुन्हा काही महिने. अशा प्रत्येक आवृत्तीला ‘स्टेपिंग’ म्हणतात. पहिली ‘ए’, मोठा बदल झाला की ‘बी’, मग ‘सी’. सर्वसाधारणपणे टेप-आउटपासून विक्रीपर्यंत वर्षभराचा अवधी धरतात. पण एखादी अनपेक्षित स्टेपिंग लागली की एक तिमाही गेलीच म्हणून समजावे.

म्हणून कंपनीच्या आत ठरलेली तारीखसुद्धा खऱ्या अर्थाने एक अनुमानच असते. किती दोष निघतील, हे दोष निघेपर्यंत कोणालाच माहीत नसते. बाहेरचे लोक अंधारात असतात आणि आतल्यांना सारे दिसते, हा समज अर्धाच खरा आहे. आतल्यांच्या हाती कंदील असतो इतकेच. त्याचा उजेड पुढच्या वळणापर्यंतच पोहोचतो.

यात भर पडली ती एका प्रसिद्ध अनुमानाची. चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असे गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडले आणि १९७५ मध्ये ‘दर दोन वर्षांनी’ अशी त्यात सुधारणा केली. हे निरीक्षण पुढे साऱ्या उद्योगाचे पंचांग बनले. तारखा आधी ठरू लागल्या आणि अभियांत्रिकीने त्या गाठाव्यात अशी अपेक्षा धरली जाऊ लागली.

▪ बंगळुरूच्या विमानतळावरची पेटी

बाहेरचे लोक तर्क कशावरून करतात? जुने वेळापत्रक, मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या कागदपत्रांतील नोंदी, लिनक्सच्या आज्ञावलीत नव्या प्रोसेसरसाठी आधीच केलेल्या तरतुदी, वेगचाचण्यांच्या यादीत चुकून उमटलेले अनोळखी नाव, अशा अनेक खुणा असतात. परंतु गेल्या दशकात जगभरातल्या तर्ककर्त्यांना सर्वांत उपयोगी पडलेली खूण भारतातून आली, हे अनेकांना ठाऊक नसेल.

आराखड्याचे काम बंगळुरू आणि हैदराबादेत होत असल्याने चाचणीच्या चिप आणि चाचणीचे बोर्ड परदेशांतून विमानाने या शहरांत येत. आलेल्या प्रत्येक मालाची सीमाशुल्क विभागाकडे नोंद होई. त्यात वस्तूचे वर्णन, उगमाचा देश, विमानतळ, नग आणि रुपयांतील मूल्य लिहिलेले असे. ही माहिती उपलब्ध होती आणि ‘झौबा’सारख्या संकेतस्थळांवर ती शोधता येत असे. साधारण २०१३ ते २०१६ या काळात अमेरिका-युरोपातील संगणक-वार्ताहर या भारतीय नोंदी चाळून येऊ घातलेल्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांचे भाकीत करीत. ज्या वस्तूचे अस्तित्वही कंपनीने मान्य केलेले नसे, तिचा क्रमांक मालधक्क्याच्या नोंदीत सापडे.

या तर्कांची मर्यादाही शिकण्याजोगी आहे. नोंदीवरून एवढेच कळे की चाचणीचा नमुना पोहोचला. तो पहिल्या स्टेपिंगचा आहे की अखेरच्या, हे कळत नसे. घोषित मूल्य विम्यासाठी किंवा जकातीसाठी लिहिलेले असे; पुष्कळांनी तीच विक्रीची किंमत समजून लेख लिहिले. पेटी खरी होती, तारीख मात्र वाचणाऱ्याने तिच्यात घातलेली होती. पुढे २०२२ च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क कायद्यात १३५-एए हे कलम आले आणि आयात-निर्यातदारांनी दाखल केलेल्या मालाच्या मूल्याचा, वर्गवारीचा किंवा प्रमाणाचा अनधिकृत तपशील प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा अपराध ठरला.

▪ लवकर बोलणे, लवकर आणणे

कंपन्या तारीख झाकून का ठेवतात, याचे जुने उदाहरण ऑस्बॉर्न कंपनीचे देतात. उचलून नेता येईल असा संगणक विकणाऱ्या या कंपनीने १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलांची वाच्यता आधीच केली. हाताशी असलेल्या मॉडेलची मागणी ओसरली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. इतर कारणेही होती, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी ‘नव्याचे नाव काढले की जुने खपत नाही’ ही भीती व्यापारात कायमची बसली.

याच्या उलट घाईचीही उदाहरणे आहेत. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा आधी कोण गाठतो याची शर्यत लागली. एएमडीने ६ मार्चला ॲथलॉन जाहीर केला, इंटेलने दोनच दिवसांनी पेंटियम-३. त्या चढाओढीत इंटेलने ३१ जुलै २००० रोजी १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणला. स्वतंत्र परीक्षकांच्या हाती तो काही कामांत अडखळू लागला आणि महिना पुरा व्हायच्या आत कंपनीला तो परत घ्यावा लागला. तारीख साधली होती, प्रोसेसर साधला नव्हता.

२००७ मध्ये एएमडीवर तसाच प्रसंग आला. चार गाभ्यांचा ‘बार्सिलोना’ सप्टेंबरमध्ये आणि त्याचे डेस्कटॉप भावंड ‘फेनॉम’ नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. त्यांच्यात स्मृतीच्या पत्त्यांशी संबंधित एक दोष निघाला. सुधारलेल्या स्टेपिंगचे फेनॉम यायला मार्च २००८ उजाडला. दरम्यान ज्या ग्राहकांनी वाट पाहिली होती त्यांतले अनेक दुसरीकडे वळले.

इंटेलला सर्वांत मोठा धडा दहा नॅनोमीटरच्या पद्धतीने दिला. ती २०१६ मध्ये अपेक्षित होती. जुलै २०१५ मध्ये कंपनीने २०१७ चा उत्तरार्ध सांगितला. २०१८ मध्ये नावापुरती एक चिप आली, लॅपटॉपमध्ये ती पद्धत खऱ्या अर्थाने २०१९ मध्ये रुळली आणि डेस्कटॉपच्या मुख्य प्रवाहात तिची सुधारित आवृत्ती ‘अल्डर लेक’च्या रूपाने नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. तोवर डेस्कटॉप वापरणारे २०१५ पासूनच्या १४ नॅनोमीटरवरच होते. जगातील सर्वांत अनुभवी चिप-कंपनीची ही कथा आहे, हे ध्यानात घ्यावे.

उलट २०२४ चे एक छोटे उदाहरण समजूतदारपणाचे आहे. एएमडीने रायझन-९००० या डेस्कटॉप प्रोसेसरांची ३१ जुलै ही तारीख दिली होती. आठवडाभर आधी, आरंभी रवाना झालेला माल गुणवत्तेच्या अपेक्षेस पूर्ण उतरला नाही असे सांगून तिने तो परत मागवला आणि ८ व १५ ऑगस्ट या नव्या तारखा दिल्या. थट्टा झाली, पण दोन आठवड्यांपलीकडे कोणाचे काही बिघडले नाही.

▪ व्हाइटफील्डनंतर

आता बंगळुरूकडे परत येऊ. व्हाइटफील्ड रद्द झाल्यावर तेथील अभियंत्यांच्या वाट्याला काय आले?

१५ सप्टेंबर २००८ रोजी इंटेलने ‘झिऑन ७४००’ बाजारात आणला. त्याचे अंतर्गत नाव ‘डनिंग्टन’. सहा गाभे, १६ मेगाबाइटची सामाईक तिसऱ्या पातळीची कॅश, ४५ नॅनोमीटर पद्धत आणि सुमारे १९० कोटी ट्रान्झिस्टर. हा प्रोसेसर बंगळुरूत घडला होता. भारतात संपूर्ण आराखडा झालेला इंटेलचा पहिला प्रोसेसर म्हणून त्याची नोंद झाली. त्याचे गाभे त्याच काळातील डेस्कटॉपच्या कोअर-२ घराण्यातले होते. दोन-दोन गाभ्यांच्या तीन जोड्या एका सिलिकॉनवर बसवून त्यांच्यामागे मोठी सामाईक कॅश उभी केलेली होती. जोडमार्ग जुनाच होता आणि टायगर्टनच्याच मंचावर तो बसत असे. मोठी उडी मारण्याऐवजी हाताशी असलेल्या सिद्ध घटकांतून शक्य तेवढे काढण्याचा हा मार्ग होता, आणि तो तडीस गेला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये, पहिला ‘कोअर आय-७’ डेस्कटॉप प्रोसेसर आला. त्यात जुना सामाईक आड नव्हता. प्रोसेसरला स्वतःची स्मृती जोडलेली होती आणि नव्या जोडमार्गाचे नाव होते ‘क्विकपाथ’. हा तोच सीएसआय, नाव बदलून आलेला. ओरेगॉनच्या चमूने घडवलेल्या त्या चिपमध्ये, व्हाइटफील्डसाठी सांगितलेला मार्ग प्रथम ग्राहकांच्या टेबलावर पोहोचला. सीएसआयचा दुसरा मानकरी टुकविला मात्र फेब्रुवारी २०१० पर्यंत रखडला.

म्हणजे व्हाइटफील्डची तारीख उगवली नाही, परंतु त्या प्रयत्नातले दोन्ही हेतू पुढे फळाला आले. नवा जोडमार्ग एका चिपमधून आला, बंगळुरूचा संपूर्ण प्रोसेसर दुसऱ्या चिपमधून. ऑक्टोबर २००५ मध्ये जर कोणी ‘भारतीयांना जमले नाही’ असा निकाल दिला असता, तर तो तीन वर्षांत खोटा ठरला असता. आणि ‘रद्द झाले म्हणून काय झाले, सारे ठीकच आहे’ असे म्हणणेही चुकीचे ठरले असते. कारण मधल्या काळात मोठ्या सर्व्हरमधला इंटेलचा ग्राहक जुन्या मार्गावरच अडकून पडला होता.

▪ आपल्या घराची तारीख

दुसऱ्याच्या तारखेवर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राला जवळून ठाऊक आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत महासंगणक उभारायचा, असा संकल्प होता आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. ही तारीख पाळली गेली. परंतु त्याचे प्रोसेसर होते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ‘टी-८००’ ट्रान्सप्युटर. त्याची पुढची पिढी ‘टी-९०००’ इनमॉसने १९९१ मध्येच जाहीर केली. ती लांबत गेली आणि सांगितलेला वेग तिने कधीच गाठला नाही. ट्रान्सप्युटरवर विसंबलेल्या जगभरच्या यंत्ररचनाकारांना अन्य प्रोसेसर शोधावे लागले. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सुपरस्पार्क प्रोसेसर दिसतात. पुण्यातील यंत्राचे हृदय ब्रिस्टलच्या वेळापत्रकावर धडधडत होते, असा याचा अर्थ.

म्हणून स्वदेशी प्रोसेसरचा ध्यास हा केवळ अभिमानाचा विषय नाही. गेल्या काही वर्षांत या वाटेवर खरी पावले पडली आहेत. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पाच्या चिप २०१८ मध्ये चालू झाल्या. एक इंटेलच्या २२ नॅनोमीटर पद्धतीत अमेरिकेत, तर दुसरी मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरमध्ये बनली. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली ‘अजित’ घडला. तोही मोहालीत तयार झाला. इस्रोचा ‘विक्रम ३२०१’ सप्टेंबर २०२५ मध्ये सेमीकॉन इंडिया परिषदेत पंतप्रधानांना सादर झाला. प्रक्षेपकासाठीचा हा ३२ बिटांचा प्रोसेसर १८० नॅनोमीटरवरच आहे. अवकाशात वेगापेक्षा भरवसा मोलाचा असतो. सी-डॅकच्या ‘वेगा’ मालिकेतून तेजस-३२ आणि तेजस-६४ आले, आणि आता ध्रुव-६४.

तारखांचाही इतिहास सोबत आहे. एप्रिल २०२२ मध्ये ‘डिजिटल इंडिया रिस्क-५’ कार्यक्रम जाहीर करताना शक्ती आणि वेगा यांचे व्यावसायिक सिलिकॉन डिसेंबर २०२३ पर्यंत असावे, असे लक्ष्य सांगितले गेले होते. ध्रुव-६४ ची घोषणा त्यानंतर दोन वर्षांनी झाली. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून, भारतात बनलेल्या चिप वर्षअखेर बाजारात येतील, असे सांगण्यात आले. येथे वाचकाने शब्द तपासून घ्यावेत. ‘भारतीय चिप’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी अभिप्रेत असू शकतात. आराखडा भारतात झाला, सिलिकॉन भारतात घडले किंवा आवेष्टन आणि चाचणी भारतात झाली. डनिंग्टनचा आराखडा बंगळुरूचा होता, सिलिकॉन नव्हते. विक्रमचे दोन्ही येथले आहे. परदेशी आराखड्याची आणि परदेशी सिलिकॉनची चिप भारतातील कारखान्यात आवेष्टित झाली, तर तीही या नावाने ओळखली जाऊ शकते. तिन्हींचे मोल आहे, पण तिन्हींची तारीख एक नव्हे.

एक गिगाहर्ट्झचे दोन गाभे म्हणजे आजच्या डेस्कटॉपची बरोबरी नव्हे, हेही मोकळेपणाने मान्य करावे. एक गिगाहर्ट्झचा टप्पा डेस्कटॉपने २००० सालीच ओलांडला. ध्रुव-६४ चे क्षेत्र दूरसंचार, वाहने, कारखान्यांतील नियंत्रण असे आहे, आणि तेथे त्याला खरे काम आहे. त्याला घरच्या संगणकाच्या मापाने तोलणे म्हणजे ट्रॅक्टरला शर्यतीत उतरवून हिणवणे होय.

▪ काय विचारावे

व्हाइटफील्डच्या कहाणीचे सार काढायचे तर एवढेच निघते, की तारीख विचारणे थांबवू नये, पण तिच्यासोबत टप्पा विचारावा. पुढच्या वेळी ‘अमुक महिन्यात येणार’ असे वाचले, तर काही साधे प्रश्न मनाशी ठेवावेत. टेप-आउट झाले आहे का? पहिले सिलिकॉन हाती आले आहे का, आणि ते कितव्या स्टेपिंगचे आहे? ते कोणत्या कारखान्यात, किती नॅनोमीटरवर बनले? त्यावर लिनक्स चालते का, आणि प्रकल्पाच्या बाहेरच्या कोणी ते वापरून पाहिले आहे का? आणि मुख्य म्हणजे, ते विकत घेणारा कोणी ठरला आहे का? ज्या प्रकल्पाकडे या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याची तारीख सहा महिने पुढे गेली तरी चिंता नसावी. ज्याच्याकडे केवळ तारीख आहे, तिच्यावर कॅलेंडरात खूण करण्याची घाई नसावी.

याला आणखी एक बाजू आहे. हुकलेली तारीख म्हणजे नाचक्की, असे वातावरण आपण निर्माण केले तर त्याचे दोनच परिणाम संभवतात. प्रकल्पवाले तारीख सांगणे बंद करतील, किंवा अर्धवट चिप वेळेवर आणतील. पहिल्याने सार्वजनिक पैशाचा हिशेब अंधारात जातो, दुसऱ्याने १.१३ गिगाहर्ट्झच्या पेंटियमची गत होते. या दोन्हींपेक्षा बरे म्हणजे तारीख सांगावी, हुकली तर का हुकली ते सांगावे, आणि नवी तारीख कोणत्या टप्प्यावर बेतली आहे तेही सांगावे. खासगी कंपनीला गुपिते ठेवण्याचा हक्क आहे. जनतेच्या पैशातून घडणाऱ्या प्रोसेसरला तो तितकासा नाही.

ध्रुवनंतरच्या ‘धनुष’ आणि ‘धनुष-प्लस’ या चिपवर सी-डॅकमध्ये काम चालू असल्याचे जाहीर झाले आहे. त्यांच्याही तारखा येतील, काही पाळल्या जातील, काही हुकतील. तेव्हा टाळ्या किंवा टवाळी यांच्या आधी वरचे प्रश्न विचारले गेले, तर वाचक म्हणून आपलाही या कामाला थोडा हातभार लागेल.